कान शाबूत हवेत

मी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको, की लवू राऊळने गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आणि मुद्द्याचं तेवढं गिळलं. छत्तीस वर्षं खोटं बोललो. आणि इतकं बेमालूम बोललो की शेवटी ते दोन सरकारांच्या कागदावर जाऊन बसलं.

मी लालबागचा. म्हणजे मूळचा मालवणकडचा, पण अठराव्या वर्षी गिरणीत लागलो आणि साचेखात्यातच केस पांढरे केले. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, तुम्ही लूम म्हणत असाल तर लूम म्हणा. आधी साचेवाला होतो, मग जॉबर झालो. जॉबर म्हणजे साच्यांचा डॉक्टर. खात्यात तीनशे साचे एकदम धडधडायचे. शेजारचा बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. त्या गदारोळात माझ्या साठ साच्यांपैकी कुठल्याचं पोट बिघडलंय, हे मी नुसत्या आवाजावरून सांगायचो. 'कानाचा जॉबर' म्हणायचे मला, डिलाईल रोडपासून काळाचौकीपर्यंत.

आणि ते खरंच होतं, अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत. त्या वर्षीच्या गणपतीत चाळीत आरती चालू होती आणि मला झांजा दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. साचेखात्याने माझे कान खाल्ले होते.

कळलं कोणालाच नाही, कारण साचेखात्यात सगळेच बहिऱ्यासारखे राहायचे. बोलणं ओठांवरून वाचायचं, नाहीतर हातांनी करायचं. दोन बोटं तोडल्यासारखी केली की धागा तुटला. डोक्यावर हात ठेवला की साहेब आला. खांद्यावर मूठ ठेवली की जॉबर. तिथे बहिरा कोण आणि ऐकणारा कोण, कोणाला कळणार? कळलं फक्त मीराबाईला, माझ्या बायकोला. तीही गिरणीतली, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली. तिच्यापासून लपवणार काय?

पण एक माणूस माझ्यासारखा नव्हता. दौलत घाडी. माझ्याच हाताखालचा साचेवाला, हात असा की कापडाला सुरकुती पडायची नाही. एक्क्याण्णवमध्ये डॉक्टरी तपासणी झाली तेव्हा हा सरळ सांगून मोकळा झाला, "साहेब, मला ऐकू येत नाही." माझ्या तपासणीला मी डॉक्टरच्या ओठांकडे बघत उत्तरं दिली आणि सुटलो. मग मॅनेजरने मला बोलावलं. "लवू, दौलतला साच्यावर ठेवू का?" आता मी दौलतची बाजू घेतली आणि साहेबाला माझाच संशय आला तर? मी म्हणालो, "नको साहेब. साचा डोळ्यांनी नाही, कानांनी चालतो."

दौलत गोदामात गेला, कापडाच्या गाठी उचलायला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. मार्केटात समोर आला तर मीच दुसऱ्या गल्लीत शिरायचो. मर्द गडी!

असो. गिरणी दोन हजार दोनमध्ये बंद पडली. माझं वाक्य मात्र बंद पडलं नाही. साचा कानांनी चालतो, कानांनी चालतो, असं जो येईल त्याला ऐकवत राहिलो. शाळेची मुलं आली, त्यांना ऐकवलं. पेपरवाला आला, त्याला ऐकवलं. 'कानाचा जॉबर' म्हणून फोटो छापून आला आणि मी तो फ्रेम करून भिंतीवर लावला.

गेल्या वर्षी मेघना आली. परळला कापडाचं एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली इंजिनिअर. भलती हुशार मुलगी, पण पुटपुटते. म्हणजे सगळ्यांना मी असंच सांगतो, "हल्लीची पोरं पुटपुटतात, जरा समोर तोंड करून बोल." ती समोर बसून म्हणाली, "काका, भारत आणि नेपाळ मिळून एक काम करतायत. दोन्हीकडे बायकांच्या हाताला काम हवंय. बंद गिरणीतले आठ साचे दुरुस्त करून आपण तिकडे देणार. तिथल्या बायका डोंगरातल्या अल्लो नावाच्या झाडाच्या सालीचं सूत काढतात, ते काम त्या आपल्या केंद्रातल्या बायकांना शिकवणार. त्यांनी द्यायचं, आपण द्यायचं. तुम्ही साचे लावून द्याल का?"

द्याल का? अगं, मी तर चप्पल न घालताच निघालो असतो! बावीस वर्षांनी कोणीतरी मला साच्याजवळ बोलावत होतं. चार महिने खपलो. गंज खरवडला, चामड्याचे पट्टे नवे घातले, धोट्यांना तेल पाजलं. धोटा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन इकडून तिकडे उडणारं ते लाकडी टोकदार पाखरू. आठही साचे उभे राहिले तेव्हा मी सगळ्यांसमोर रडलो. लाज कसली त्यात?

मग मेघनाने विचारलं, साचा चालवणाऱ्याच्या अंगी काय काय हवं ते सांगा, करारासोबत जोडायचंय. मी ऐटीत पाय पसरले आणि सात अटी सांगितल्या. डोळे चांगले हवेत, उभं राहायची सवय हवी, मोकळी ओढणी नको, केस बांधलेले हवेत, असं करत करत सातवी: कान शाबूत हवेत. खाली सही केली: लवू राऊळ, तज्ज्ञ.

तज्ज्ञ! आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महिन्याभराने नेपाळहून दोघी आल्या. एक बिष्णूदिदी, तिथल्या विणकाम केंद्राची प्रमुख, पन्नाशीची, हिंदी बोलणारी. दुसरी सुनमाया, तिची सर्वात तरबेज विणकरीण, असेल पंचवीस-सव्वीसची. गालावर तीळ, हाताला घट्टे. साचा शिकून तिने बाकीच्यांना शिकवायचं होतं. मी तिला म्हटलं, "ये बाळा." तिने नमस्कार केला आणि हातांनी बिष्णूदिदीला काहीतरी सांगितलं.

मेघनाचं तोंड उतरलं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, ही मुलगी बहिरी आहे. जन्मापासून. त्यांच्या केंद्रातल्या बावीसच्या बावीस बायका बहिऱ्या आहेत. काठमांडूने ते केंद्र आधीच निवडलं होतं आणि दिल्लीने तुमच्या अटी नंतर जोडल्या. दोन्ही कागद आज समोरासमोर आले."

"मग?"

"मग काय? दहा दिवसांनी दोन्हीकडचे साहेब येणार आहेत. अट मोडते म्हणून दिल्लीवाले साचे द्यायला तयार नाहीत. तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही सांगाल तसं होईल."

समोर ती पोर पाच नंबरच्या साच्यावरून हात फिरवत होती, गोठ्यात गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. आणि मी काय बोललो? तेच बोललो. "बहिऱ्याचं काम नाही हे. साचा कानांनी चालतो." सवयच लागली होती जिभेला.

घरी आलो आणि मीराबाईला सगळं सांगितलं. ती माशाचं सांबारं ढवळत होती. डाव ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली, मला ओठ दिसावेत म्हणून. आमच्यात भांडणसुद्धा तोंड समोर करूनच होतं.

"अवो, तुमचे कान खय शाबूत आसत?" ती म्हणाली. "चौदा वर्षां साचे कशान चलवलात? नाकान?"

मी तोंड फिरवलं. बहिऱ्याचा हा एक फायदा असतो, तोंड फिरवलं की भांडण बंद. पण तिने माझी हनुवटी धरून परत वळवली.

"दौलताचो साचो खाल्लात. आता ह्या चेडवाचोय खावचो आसा?"

जेवलो नाही. सांबारं बांगड्याचं होतं, तरी जेवलो नाही.

चौदा वर्षं साचे कशाने चालवले, ते आता सांगतो. तळहाताने. साच्याच्या पुढे छातीशी एक आडवी लाकडी पट्टी असते, तिच्यावर डावा हात ठेवायचा. पाय अनवाणी. साचा नीट चालत असला की हातात एकसारखा ठोका येतो. पट्टा ढिला झाला, दांडी सैल झाली, धोटा उशिरा पोचायला लागला, की ठोका लंगडतो. कानाला कळायच्या आधी हाताला कळतं. लोकांना वाटायचं, राऊळ जॉबर प्रेमाने साच्यावर हात ठेवतोय. मी चप्पल काढायचो ते त्यांना श्रद्धा वाटायची!

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो, चप्पल दाराशी काढली आणि सुनमायालाही काढायला लावली. पाच नंबर चालू केला. तिचा डावा हात उचलून त्या पट्टीवर ठेवला, माझा शेजारी ठेवला. मग मागे जाऊन एक बोल्ट जरा ढिला केला. तिने चटकन माझ्याकडे पाहिलं आणि उजवीकडे बोट दाखवलं. बरोबर! दुसरा ढिला केला. डावीकडे बोट. शाब्बास गो बाय! साचेखात्यात जे शिकायला मला सहा महिने लागले, ते हिला दुपारच्या चहाआधी जमलं. ती जन्मभर हातापायांनीच ऐकत आली होती ना!

मग मी तिला गिरणीच्या खुणा शिकवल्या. धागा तुटला, साहेब आला, चहा. तिने मला तिच्या शिकवल्या. बिष्णूदिदी बिचारी मध्ये दुभाषी म्हणून उभी राहायची, तिला आम्ही दोन दिवसांत बिनकामाची करून टाकली. तिने मग माझ्यासोबत येऊ लागलेल्या मीराबाईला आणि आपल्या केंद्रातल्या बायकांना अल्लोचं सूत कातायला बसवलं. मीराबाई घरी येऊन माझ्या नाकासमोर ते सूत नाचवायची. "बघा, माझा किती बारीक इला."

चौथ्या दिवशी सुनमायाने मला पकडलं. मी पाठमोरा होतो. मेघना मागून हाक मारत होती म्हणे, आणि मी आपला बोल्ट आवळतोय. वळलो तर सुनमाया माझ्याकडेच बघत होती. तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग माझ्या कानाकडे दाखवलं आणि फिसकन हसली. छत्तीस वर्षं मॅनेजरला, डॉक्टरला, पेपरवाल्याला जमलं नाही ते ह्या पोरीने चार दिवसांत केलं. मी ओठांवर बोट ठेवलं. कोणाला सांगू नकोस.

तिचं हसू गेलं. तिने खांदे उडवून विचारलं, का?

मी पाठ फिरवून परत बोल्ट आवळायला लागलो.

दहावा दिवस उजाडला. केंद्राच्या शेडमध्ये दोन्ही देशांचे झेंडे, खुर्च्या, नारळ, पेढे. दिल्लीचे साहेब आले, काठमांडूचे साहेब आले. मेघनाने हौसेने लालबाग-परळचे जुने गिरणी कामगार बोलावले होते. मागच्या रांगेत बघतो तर दौलत घाडी! पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, हातात काठी. आज मात्र पळायला दुसरी गल्ली नव्हती.

दिल्लीचे साहेब सज्जन माणूस होते, पण कागदाचे. मेघनाला म्हणाले, "अट सात आपल्याच तज्ज्ञाने घातलीय. यंत्राने अपघात झाला तर जबाबदार कोण? बघू या, चालवू दे तिला." म्हणजे शोभेपुरतं बघू आणि नाही म्हणू, हे मला त्यांच्या ओठांवर स्वच्छ दिसलं.

सुनमाया पाच नंबरसमोर अनवाणी उभी राहिली. केस बांधलेले, ओढणी खोचलेली. साचा सुरू झाला. धोटा पळायला लागला, कापड इंच इंच पुढे सरकू लागलं. डावा हात पट्टीवर. बघत राहावं असं काम. काठमांडूचे साहेब खुर्चीतून पुढे झुकले होते.

तीन मिनिटं झाली असतील. तिने खाडकन साचा बंद केला.

शेडमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दिल्लीच्या साहेबांनी सुस्कारा सोडला. "थांबलाच," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?" बिष्णूदिदीने डोळ्यांना पदर लावला. मलाही काही समजेना, माझा हात साच्यावर नव्हता. सुनमायाने कोणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून खांद्यावर मूठ ठेवली. जॉबर, इकडे ये. मग साच्याच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं.

मी गुडघ्यावर बसून आत हात घातला. धोट्याला फटका देणारा चामड्याचा पट्टा अर्ध्याहून जास्त फाटला होता. मी स्वतः घातलेला पट्टा! चामडं आतून सडकं निघालं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. आणखी दहा-बारा फेऱ्या झाल्या असत्या तर तो तुटला असता, आणि लोखंडी टोकाचा धोटा सरळ बाहेर उडाला असता. साचेखात्यात अशा धोट्याने माणसांचे डोळे गेलेले मी पाहिलेत. आणि समोर बसले होते दोन देशांचे साहेब.

मी पट्टा काढला आणि दिल्लीच्या साहेबांच्या हातात ठेवला. "कोणाला ऐकू आलं काय हे?" मी विचारलं. "इथे चाळीस माणसं बसलीयत, शाबूत कानांची. आलं कोणाला ऐकू?"

दिल्लीचे साहेब पट्टा उलटसुलट करून बघत होते.

"साहेब, ती सातवी अट खोटी आहे," मी म्हटलं. आता थांबणं नव्हतं. "मी बहिरा आहे. आजचा नाही, अठ्ठ्याऐंशीपासूनचा. चौदा वर्षं बहिऱ्या कानांनी साठ साचे सांभाळले, ते ह्या हाताने. तुमच्या पेपरात छापला तो कानाचा जॉबर ठार बहिरा होता. नोकरी जाईल म्हणून लपवलं. आणि ते लपवायला एका चांगल्या साचेवाल्याला मी साच्यावरून काढलं."

मेघनाने तोंडावर हात ठेवला होता. मीराबाई मात्र ताठ बसली होती. लग्नातही एवढी ताठ बसली नव्हती ती.

पण ज्याला हे सांगायचं होतं त्याला ह्यातलं अक्षर पोचलं नव्हतं. दौलत मागच्या रांगेत, इतक्या लांबून माझे ओठ त्याला काय दिसणार? तो आपला काठीवर हनुवटी टेकून बसलेला. मग मी हात वर केले. सगळ्या शेडच्या डोक्यांवरून, जसं तीनशे साच्यांवरून बोलायचो तसं बोललो. कानाला हात लावून दाखवलं, मीसुद्धा. आठ बोटं दोनदा दाखवली, अठ्ठ्याऐंशीपासून. तुझा साचा मी घेतला. चूक माझी. आणि दोन्ही हातांनी कान पकडले.

दौलत उठला. काठी टेकत सगळ्या खुर्च्या ओलांडून पुढे आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने मला साचेखात्यातली सर्वात घाण शिवी दिली, हातांनी, दोनदा. काठमांडूच्या साहेबांनी विचारलं, "हे काय म्हणाले?" मीराबाईला ती खूण पक्की ठाऊक होती. ती म्हणाली, "अभिनंदन करतायत." आणि खुदकन हसली.

दौलत हसला नाही. तो पाच नंबरकडे गेला, चपला काढल्या आणि पट्टीवर तळहात ठेवून उभा राहिला. तेहेतीस वर्षांनी. सुनमायाने सरकून त्याला जागा दिली.

त्यानंतर साहेब लोक बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा दिल्लीच्या साहेबांच्या हातात अजून तो फाटका पट्टा होता. दोघांनी आपापल्या पेनने त्या कागदावरची सातवी अट खोडली, शेजारी दोघांच्या सह्या. आठ साचे बावीस बायकांना. शेडमध्ये टाळ्या पडल्या. मला त्या पायांत कळल्या. मी बहिरा आहे हे आता सगळ्या लालबागला कळणार होतं, आणि माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटतं की काय! बहिऱ्या माणसाने साठ साचे चालवले, हे आधी का नाही सांगितलं मी ऐटीत? फ्रेम करायची तर ह्याची करायची.

काठमांडूचे साहेब माझ्यासमोर आले आणि नीट तोंड करून हिंदीत म्हणाले, "राऊळजी, साचे तिकडे उभे करायला दोन जाणकार माणसं लागतील, महिनाभर. तुम्ही आणि आणखी कोण?"

मी दौलतकडे दाखवलं. "दौलत घाडी. तज्ज्ञ. बहिरा, असं लिहा. माझ्यापुढेही लिहा."

मेघनाने लिहिलं. मी दौलतच्या खांद्याला हात लावला, खुणांनी सांगितलं, आपण दोघं, डोंगरात, आठ साचे. मग त्याने स्वतःच्या खांद्यावर मूठ ठेवली आणि भुवई उडवून विचारलं, जॉबर कोण?

मी त्याच्या छातीवर बोट ठेवलं.